लीदचा चमचा

हाल्वेगने चौथं घमेलं पायानेच सरकवत छताच्या नव्या गळतीखाली आणलं आणि कमरेवर हात ठेवून ती थोडा वेळ तशीच उभी राहिली. थेंब नेमका घमेल्यात पडतोय अशी खात्री झाल्यावर ती भिंतीकडे वळली. तिथे पुठ्ठ्याची अकरा खोकी रचलेली होती. ती एकेक करून तिने पलंगाजवळच्या कोरड्या कोपऱ्यात नेली. सहाव्या खोक्याला हात भरून आले, पण मधेच बसलं तर पुन्हा उठवणार नाही हे माहीत असल्यामुळे तिने उरलेली पाचही हलवूनच टाकली.

"शब्द भिजले का?" पलंगावरून तिच्या नवऱ्याने, ओस्मुंडने विचारलं.

"शब्द कोरडे आहेत. मी भिजलेय."

खोक्यांत चिठ्ठ्या होत्या. ओस्मुंडने चौतीस वर्षं राजधानीत एका शब्दकोशाच्या कचेरीत काढली होती आणि निवृत्तीनंतर खाडीकाठच्या आपल्या जन्मघरी, लीदला, येताना भांडीकुंडी कमी आणि चिठ्ठ्या जास्त आणल्या होत्या. एका चिठ्ठीवर एक शब्द. तो कुठे ऐकला, कोणाच्या तोंडून ऐकला, शेजारच्या देशांत त्याचे भाऊबंद कोण. दोन हिवाळ्यांपूर्वी त्याचं डावं अंग गेलं. तेव्हापासून चिठ्ठ्या खोक्यांत होत्या आणि तो पलंगावर. त्याला उठवणं, बसवणं, धुणं, कूस बदलणं हे सगळं हाल्वेग करत होती. ती एकाहत्तर वर्षांची होती आणि हाडांपर्यंत दमली होती, पण हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं.

सप्टेंबरच्या वादळाने छपराच्या उत्तरेकडच्या दगडी फरश्या उचलून कुरणात फेकल्या. खालच्या फळ्या कुजलेल्या निघाल्या. सुताराने वर पाहून डोकं हलवलं, वसंताच्या आधी जमणार नाही म्हणाला आणि गेला. हाल्वेगने दोन दिवस शिडीवर चढून ताडपत्री बांधली. तिसऱ्या दिवशी वाऱ्याने ती खाडीत नेली.

गुरुवारी मारित आली. ही सरकारी नर्स आठवड्यातून एकदा यायची. तिने ओस्मुंडची छाती तपासली, मग मान वर करून बराच वेळ छताकडे पाहिलं.

"हाल्वेग, मला हे लिहावं लागेल गं."

"लिही की."

"छप्पर झालं नाही तर थंडीत याला इथे ठेवता येणार नाही. छाती आधीच वाजतेय. शहरातल्या शुश्रूषागृहात एक खाट रिकामी झालीय. येत्या सोमवारपर्यंत वेळ आहे. तोवर मी ती धरून ठेवते."

"एकच खाट?"

"एकच."

हाल्वेगने मारितच्या कपात पुन्हा कॉफी ओतली. कप आधीच भरलेला होता. शहर म्हणजे एक बस, एक होडी आणि पुन्हा एक बस. सेहेचाळीस वर्षांत ती आणि ओस्मुंड सलग चार रात्रीसुद्धा वेगवेगळ्या छपरांखाली झोपले नव्हते. तिने फडकं आणून टेबल पुसलं आणि मारितला अंड्यांची पिशवी देऊन वाटेला लावलं.

दार लागल्यावर ओस्मुंड म्हणाला, "दुगनाद बोलाव."

एका घराला पेलणार नाही असं काम निघालं की काठावरच्या सातही घरांनी एक दिवस येऊन हात लावायचा, आणि संध्याकाळी त्या घरी जेवून उठायचं. इथे याला दुगनाद म्हणत, आणि सगळ्यांचे गोठे, कुंपणं, धक्के असेच उभे राहिलेले होते.

"नको," हाल्वेग म्हणाली.

"का पण?"

"माझ्यात अजून दुग्नादुर आहे."

शब्द तोच होता, फक्त तिच्या माहेरचा. हाल्वेग आइसलंडच्या उत्तरेकडची. तिथे दुग्नादुर म्हणजे माणसाची स्वतःची धमक, न कुरकुरता एकट्याने ओढून नेण्याचा नेट. बारा वर्षांची असताना बर्फात अडकलेली एकोणीस मेंढरं तिने एकटीने घरी आणली, तेव्हा बाप तिच्यादेखत आईला म्हणाला होता, हिच्यात दुग्नादुर आहे हं. बापाने आयुष्यभरात तिचं कौतुक केलं ते एवढंच. त्या एका वाक्यावर ती साठ वर्षं चालली होती.

"तिसरं खोकं काढ," ओस्मुंड म्हणाला. "'द'चं."

"मला पाठ आहे ते."

"मग पुन्हा ऐक. मूळ एकच. दुगा. कामी येणं, पुरं पडणं. स्वीडनकडे, डेन्मार्ककडे त्यातलं 'चालेल, ठीक आहे' एवढंच उरलं. तुम्ही लोकांनी इथून आइसलंडला जाताना ते गलबतात घालून नेलं आणि एकेकाच्या हाडात नेऊन बसवलं. इथे मागे राहिलं ते सगळ्यांचं मिळून झालं. पण त्याआधी, तुम्ही-आम्ही एकच होतो तेव्हा, त्याचा एक साधा अर्थ मदत असाही होता. आणि मदत काही स्वतःची स्वतःला करता येत नाही, बाई."

"व्याख्यान संपलं असेल तर कूस बदलते."

तिने त्याच्या खांद्याखाली हात घातला. पूर्वी हे एका दमात व्हायचं, आता तीन दमांत होत होतं. तिसऱ्या दमाला तिचा श्वास त्याच्या कानाशी घरघरला आणि तो ऐकून ओस्मुंडचा सूर बदलला.

"तू सगळ्यांकडे जातेस ना? मग त्यांनी आपल्याकडे येण्यात लाज कसली? चढावरच्या योरुनच्या गोठ्याला दिवसभर राबलीस. तिच्या हातची सायीची लापशी अजून तशीच असते का? वर लोणी तरंगणारी?"

"मला काय माहीत."

"म्हणजे?"

"मी कधी जेवायला थांबलेच नाही."

ओस्मुंडने उजव्या कोपरावर जोर देऊन उठायचा प्रयत्न केला. त्याची पाठ लीदला आल्यापासूनच अधू होती, त्यामुळे दुगनादला या घरातून जायचे ते हाल्वेगचेच हात. तो चिठ्ठ्या घेऊन घरी बसायचा.

"घरी येऊन मला 'जेवले' म्हणून सांगायचीस, ते?"

"जेवायचेच. स्वयंपाकघरात उभ्याने, थंड बटाटे. राबायचं आणि लगेच पानावर बसून ते वसूल करायचं? बापाने घराबाहेर काढलं असतं मला. अवजारं धुतली की मी निघायचे."

"अकरा वर्षं?"

"अकरा."

तो हसेल असं तिला वाटलं होतं. तो हसला नाही. त्याने डोकं उशीवर टेकलं आणि डोळे मिटले.

"अगं, ती मजुरी नव्हे," तो हळू म्हणाला. "मोठं लाकडी भांडं मधे ठेवतात. प्रत्येक घराचा एक चमचा. सात घरं, सात चमचे, एका भांड्यातून पहिले घास. मग ज्याने त्याने आपापली ताटली घ्यायची. पहिला घास खाऊन उठलेला माणूस उद्या दार ठोठावून हात मागू शकतो. न खाता गेलेला सांगून जातो, की माझ्या दाराशी येऊ नका."

थेंब घमेल्यात पडत राहिले.

"असं कोणी म्हणालं नाही मला."

"इथे म्हणत नाहीत कोणी." त्याचे डोळे अजून मिटलेले होते. "मी सांगायला हवं होतं. जगाचे शब्द वेचले आणि घरातला सुटला. आईचा चमचा असेल कुठेतरी. शेंड्यावर लीदची खूण आहे, दोन आडव्या रेघा आणि एक तिरपी."

हाल्वेगने तासभर चमचा शोधला. खण उपसले, फडताळं रिकामी केली, माळ्यावरचा सासूचा पेटारासुद्धा उपसला. चमचा नव्हता. त्या रिकाम्या पेटाऱ्यापुढे गुडघ्यांवर बसलेली असताना तिला एकदम रडू आलं, आणि आपण चमच्यासाठी रडतोय याचा तिला रागही आला. मग तिने तोंड धुतलं, जाड कोट घातला आणि काठी घेऊन निघाली.

योरुनचं घर पहिलं, चढावर. योरुन ऐंशीच्या पुढची, काठावरची सगळ्यांत जुनी बाई. ती पायरीवर बसून बादलीत बटाटे घासत होती. हाल्वेगला येताना पाहून तिने एक बटाटा घासून पूर्ण केला, दुसरा घेतला.

"काठी घेतलीस?"

"घेतली."

"बरं केलंस. बस."

"आधी बोलते, मग बसते." वाटेत जुळवलेली वाक्यं हाल्वेगच्या डोक्यातून पार उडाली होती. "छप्पर गेलंय आमचं. एकटीने होत नाही. शनिवारी याल का, हे विचारायला आलेय."

योरुनचा ब्रश थांबला.

"छप्पर गेलेलं दिसतंय मला खिडकीतून. आंधळी नाहीये मी. बारा दिवस बघतेय."

"मग..."

"मग काय? बोलावल्याशिवाय कोणाच्या छपरावर चढायचं का? तू शिडीवर चढून ताडपत्री बांधत होतीस तेव्हा धक्क्यावरचा तोलेइव माझ्याकडे आला होता, दोनदा उठला खुर्चीतून. मीच म्हटलं, बस खाली, त्यांना नको असेल."

हाल्वेगला काहीतरी म्हणायचं होतं. मला वाटलं, मी समजत होते, आमच्याकडे असं असतं. ती पायरीवर बसली.

"फोन का नाही केलास?" योरुनने विचारलं.

"करायला हवा होता का?"

"केला असतास तर आले नसते. फोन डॉक्टरला करतात." योरुनने बादली बाजूला सरकवली. "किती घरं झाली?"

"तू पहिली."

"मग बसलीस काय? अजून पाच आहेत, आणि उजेड काय तुझ्यासाठी थांबणार आहे? तुझ्या वतीने मी काही विचारणार नाही हं. ते तुझं तुलाच."

पाच घरांना उरलेली सगळी दुपार गेली. दोन ठिकाणी कुत्रे भुंकले, एका ठिकाणी दार उघडायला इतका वेळ लागला की ती परत फिरणार होती. कोणीही हो म्हटलं नाही. एक म्हणाला, बघू. दुसरा म्हणाला, शनिवार का, बरं. तिसऱ्या घरी नुसती मान हलली. शेवटचं घर तोलेइवचं, धक्क्यापाशी. साठीचा आडदांड गडी, जाळं विणत बसला होता. त्याने तिला सगळं बोलू दिलं.

"मला वाटलं, आइसलंडचे लोक बिनछपराचेच राहतात," तो म्हणाला.

"राहतो आम्ही. पण नवरा इथला आहे, त्याला सर्दी होते."

तोलेइवच्या मिशा किंचित हलल्या. "खिळे आहेत का?"

"आहेत."

"बरं," म्हणून त्याने पुन्हा जाळ्यात मान घातली. एवढ्यावर ती घरी आली.

"येणार आहेत का?" ओस्मुंडने विचारलं.

"मला कळलं नाही रे," ती म्हणाली, आणि बूट न काढताच पलंगाच्या कडेला बसून राहिली.

शनिवारी धुकं इतकं खाली होतं की फाटक दिसत नव्हतं. पाऊस नव्हता, तेवढंच. साडेसातला रस्त्यावर कोणी नव्हतं. आठ वाजायला आले तेव्हा हाल्वेगने हातमोजे चढवले, शिडी भिंतीला लावली आणि सवयीप्रमाणे चढू लागली. पाचव्या पायरीवर ती थांबली. खाली यावं की वर जावं हे न कळून ती शिडीला बिलगून उभी राहिली. सोमवारी सकाळी ओस्मुंडची बॅग भरायची, त्यात दाढीचं सामान वर ठेवायचं, असे विचार तिच्या मनात येऊ लागले.

तेवढ्यात धुक्यातून ट्रॅक्टरचा आवाज आला.

"उतर खाली!" तोलेइव फाटकातूनच ओरडला. "ज्याचं घर त्याने चूल सांभाळायची. एवढंही नाही शिकवलं का तुम्हाला?"

ट्रॅक्टरच्या मागच्या गाडीत फळ्या होत्या, फरश्यांखाली अंथरायच्या बर्च झाडाच्या सालींचे भारे होते आणि चार माणसं. मागून बाकीचे चालत आले. सगळे मिळून तेरा. कोणी नमस्कार-चमत्कारात वेळ घालवला नाही. तासाभरात कुजक्या फळ्या अंगणात पडल्या, कुरणातून फरश्या वेचून आणायला बायकांची रांग लागली. हाल्वेगने दोनदा फरशी उचलायला हात घातला आणि दोनदा तिला कोणीतरी न बोलता बाजूला केलं. शेवटी ती चुलीपाशी गेली. ओस्मुंडच्या पलंगाच्या बरोबर वर ठोकण्याचा आवाज येत होता, आणि तो छताकडे बघत, कोण कोणत्या बाजूला ठोकतंय ते आवाजावरून ओळखत पडला होता.

आंबट सायीची लापशी ढवळत ठेवावी लागते. हात थांबला की ती तळाला लागते. हाल्वेगने आयुष्यात ती कधी खाल्ली नव्हती आणि केलीही नव्हती. ओस्मुंड आतून, आईचं आठवून आठवून सांगत होता. आता पीठ घाल, आता थांब, आता लोणी सुटेल बघ. लोणी खरंच सुटलं. तोवर तिचे खांदे दगडाचे झाले होते.

चारच्या सुमारास ठोकणं थांबलं, तोवर बाहेर पाऊस सुरू झाला होता. हाल्वेगने घमेली बघितली. पहाटे पडलेल्या पाण्यावर आता एकही वर्तुळ उठत नव्हतं. सोमवारी मारितला काय सांगायचं ते आता सोपं होतं.

सगळे हात धुऊन आत आले. दोघांनी ओस्मुंडला खुर्चीसकट उचलून टेबलाशी आणलं. हाल्वेगने मोठं लाकडी भांडं मधे ठेवलं आणि ती मागे सरकली. तिची पाठ दाराला लागली. चमचा नाही हे कधीतरी सांगावंच लागणार होतं, ते आत्ताच सांगून टाकावं म्हणून ती तोंड उघडणार, तोच प्रत्येक घराने आपापला लाकडी चमचा काढून टेबलावर मांडला. एक, दोन, करत पाच झाले.

योरुनने पिशवीतून कापडाची गुंडाळी काढली. तिच्यात दोन चमचे होते. एक तिने स्वतःपुढे ठेवला. दुसरा टेबलाच्या रिकाम्या बाजूला, ओस्मुंडशेजारी ठेवला. त्याच्या शेंड्यावर दोन आडव्या रेघा आणि एक तिरपी रेघ होती.

ओस्मुंडने चांगला हात पुढे करून त्या रेघांवरून बोट फिरवलं.

"तुझी आई शेवटची जेवली ती माझ्याकडे," योरुन त्याला म्हणाली. "तेव्हाचा राहिलाय. धुऊन ठेवला होता." मग ती हाल्वेगकडे वळली. "दर वेळी मांडतो आम्ही. तू आलीस त्या वर्षापासून. तोलेइवच्या धक्क्याला, माझ्या गोठ्याला, सगळीकडे."

"मी कधी पाहिला नाही," हाल्वेग म्हणाली.

"पाहशील कशी? तू फाटकापाशी पोचलेली असायचीस."

तोलेइव खिडकीबाहेर बघू लागला. हाल्वेगच्या डोळ्यांपुढे ती अकरा वर्षांची टेबलं येऊन गेली, प्रत्येकावर एक कोरडा चमचा, आणि जेवण झाल्यावर तो उचलून पुसून ठेवणारे योरुनचे हात. ती दारापासून निघाली आणि त्या जागेवर बसली.

तिने सगळ्यांबरोबर भांड्यात चमचा घातला. लापशी थोडी तळाला लागलेली होती. सातही चमचे एकदा वर गेले, मग बाकड्यांची सरकासरक झाली, ताटल्या आल्या, कडक भाकरी आणि सुकं मांस फिरू लागलं, तोलेइव आपल्या एका मावशीची छपरावरून पडल्याची गोष्ट सांगू लागला. भांड्याजवळ उठून वाढायला हवं असं हाल्वेगला वाटलं. पण पळी केव्हाच दुसऱ्या कोणीतरी घेतली होती. म्हणून ती आणखी थोडा वेळ बसली.

मावशी अजून छपरावरच होती, तेव्हा योरुनने तोलेइवच्या हातावर हात ठेवला. त्याने पाहिलं. हाल्वेगची मान ओस्मुंडच्या लुळ्या खांद्यावर कलली होती. तोंड किंचित उघडं होतं आणि ती घोरत होती, बारीक, सलग.

तोलेइवने गोष्ट कुजबुजत पुरी केली. भांडी आवाज न करता धुतली गेली, चुलीत लाकडं घातली गेली. ओस्मुंड हलला नाही. त्या खांद्याला काही जाणवत नसे, पण तो तिच्याकडेच बघत होता. निघताना प्रत्येकाने आपापला चमचा उचलला. योरुनने आपला कापडात गुंडाळला आणि सवयीने दुसऱ्याकडे हात नेला. तो हाल्वेगच्या मुठीत होता. योरुनने हात मागे घेतला.

"पुढच्या शनिवारी माझं कुंपण आहे," ती ओस्मुंडच्या कानाशी म्हणाली. "उठली की सांग तिला. म्हणावं, चमचा आता तुझा तू घेऊन ये."

"सांगतो," ओस्मुंड म्हणाला.

योरुनने जाताना दार हळूच ओढून घेतलं.